एकोणीस शिल्लक

नाही, पण मला एक सांगा, उरलं तर उरलं... त्यात एवढं काय? पोळ्या उरतात, आमटी उरते, लग्नात पन्नास पानांचं जेवण उरतं, म्हणून कोणी गेलेल्या पाहुण्यांना परत बोलावून पंगत पहिल्यापासून बसवतं का? नाही ना? मग एकोणीस तुकडे उरले म्हणून आख्खा किल्ला खाली उतरवायचा... सहा हजार दोनशे चौदा तुकड्यांचा, तेवीस दिवस मान मोडून बांधलेला... असं तुम्ही कुठे ऐकलंय? मी ऐकलंय. माझ्या घरात. माझ्या सख्ख्या बापाच्या तोंडून. "शिल्लक राहिला म्हणजे कुठेतरी बसवायचा राहिला." संपलं. पुढे चर्चा नाही.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बापाच्या तक्रारी करायला उभी राहिलीय. तशी त्यासाठीच राहिलेय, पण रीतसर करते.

मी उल्का. राहायला खडकीला, स्टेशनच्या मागे, श्रमसाफल्य सोसायटी, दुसरा मजला. मधली दोन वर्षं डेन्मार्कला होते, शिकायला. काय शिकायला ते विचारू नका... विचारलंतच ना? खेळ. म्हणजे मी खेळाडू नाही हो. माणसं का खेळतात, कशी खेळतात, आणि खेळायची थांबली की त्यांचं काय होतं, याचा अभ्यास. यात पदवी असते. खरंच असते. आमच्या नात्यात कुणालाही हे पटलेलं नाही. मामा म्हणाले, "म्हणजे पी.टी.ची बाई होणार का तू?" मावशी म्हणाली, "अगं, मग शिट्टी इथे मिळत नव्हती?" बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फक्त विचारलं, "याचा उपयोग काय?"

उपयोग काय. तुम्हाला सांगते, आपल्याकडे माणसाने नुसतं आकाशाकडे बघितलं तरी शेजारचा विचारतो, पाऊस येणार का? म्हणजे बघण्याला काहीतरी कारण पाहिजे.

तिकडे माझी घरमालकीण होती, वय एकाहत्तर. दर गुरुवारी संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसायची, चष्मा पुसायची, आणि प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा डबा उघडून बसायची. एकदा जहाज, एकदा रेल्वे स्टेशन, एकदा नुसता फुलांचा गुच्छ. मी पहिल्या गुरुवारी हसले. दुसऱ्या गुरुवारी तिने न बोलता एक पिशवी माझ्यापुढे सरकवली. आणि मग... कसं सांगू तुम्हाला... एक ठोकळा दुसऱ्यावर ठेवायचा, अंगठ्याने दाबायचा, टक्. एवढंच. टक्. पण त्या टक्मध्ये काय असतं, माहितीये? आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीत जशी बसायला पाहिजे तश्शी बसते. ना सैल, ना घट्ट. परीक्षा, भाडं, व्हिसा, एकटेपणा, सगळं डोक्यात गोंगाट करत असतं आणि हळूहळू एकेक जण उठून बाहेर जातं. तीन तास कुठे गेले कळत नाही, आणि समोर एक खिडकी झालेली असते. उघडते-मिटते अशी खिडकी. तिचा उपयोग? शून्य. आणि आपण वेड्यासारखे ती उघडतोय आणि मिटतोय.

तुम्ही शेवटचं कधी केलंत असं काही? ते काका, तिसऱ्या रांगेतले... आठवतंय? नाही ना. बघा.

तर मी ठरवलं. परत जायचं आणि पुण्यात मोठ्यांसाठी खेळघर काढायचं. वय चाळीस ते नव्वद. माझ्या वर्गातले सगळे तिकडेच नोकरीला लागले, मी एकटी विमानात बसले, आणि सामानाला तेवीस किलोची परवानगी, त्यात अकरा किलो ठोकळे. आईने बॅग उघडली. आईला वाटलं चॉकलेटं असतील, निदान एखादं स्वेटर असेल. आई, मंदाकिनी नाव तिचं, बोलायला फार नाही, पण बोलली की जागच्या जागी. बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाली, "अगं, विमानाने विटा आणल्यास?"

आता खरं सांगू? खेळघर वगैरे सगळं खरं. हक्क, आनंद, समाज, सगळं खरं. पण मुळात मला एका माणसाला खुर्चीतून उठवायचं होतं.

बाबा. दिगंबरराव. खडकीकडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. कारखान्यात काय बनायचं ते मला आजही नक्की माहीत नाही, लहानपणी विचारलं की "सरकारी काम" एवढंच उत्तर. बनायचं ते बारीक असायचं आणि त्यात चूक चालायची नाही, एवढं आम्हाला कळायचं. बाबांनी पास केलेला एकही नग चौतीस वर्षांत परत आला नाही. मग एके दिवशी नारळ दिला, शाल दिली, आणि बाबा घरी आले ते गॅलरीतल्या खुर्चीत बसले. सकाळी आजचा पेपर. दुपारी कालचा पेपर. मध्ये लोणावळ्याची लोकल गेली की घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "दोन मिनिटं." म्हणजे तेवढी लेट. कुणाला उद्देशून? कुणालाच नाही. तीन वर्षं असं. मी परत आले तेव्हा त्या खुर्चीच्या पायांनी फरशीवर चार खड्डे पाडलेले होते. आई म्हणाली, "चौतीस वर्षांत कारखान्यातून परत आलेला हा एकच नग. आता याला कुठे बसवू सांग."

म्हणून मी किल्ला जेवणाच्या टेबलावर मांडला. मुद्दाम. गॅलरीत जायची वाट तिथूनच जाते. म्हटलं, येता-जाता बघतील, थांबतील, हात शिवशिवेल, बसतील. शास्त्र आहे त्याला. माझ्या पुस्तकात चाळीस पानांचं प्रकरण आहे.

पहिला दिवस. बाबा आले, थांबले. मी श्वास रोखला. "आम्ही जेवायचं कुठे?" आणि गेले.

चौथा दिवस. "याच्यात माणूस राहणार आहे का?" नाही बाबा. "मग संडास कशाला काढलाय?" अहो, जुन्या किल्ल्यांना असायचा तसा. "उपयोग काय?"

नववा दिवस... नववा दिवस मी विसरणार नाही. मी आंघोळीला गेले होते. बाहेर येते तर बाबा टेबलापाशी उभे, हातात त्यांचं व्हर्निअर. म्हणजे ते कॅलिपर, मिलिमीटरचे पन्नास भाग करून मोजणारं, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच डबीतून बाहेर आलेलं. एक लाल ठोकळा मोजला. दुसरा मोजला. वेगळ्या पिशवीतला तिसरा मोजला. मी ओल्या केसांनी दारात उभी. बाबांनी तिन्ही ठोकळे होते तिथे ठेवले आणि म्हणाले, "माल चांगला आहे."

तुम्हाला काही वाटलं नसेल. मी बारावीला बोर्डात आले तेव्हा बाबा म्हणाले होते, "ठीक." माल चांगला आहे हे याच्या वरचं आहे. मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले.

पण बसले नाहीत हो. उभ्या-उभ्याच. रोज एक फेरी वाढली, पण बसले नाहीत. म्हणून मी पुढचा घाट घातला. सोसायटीचा हॉल मागितला. सेक्रेटरी श्रीधरकाका, टपाल खात्यातून निवृत्त, त्यांनी माझा अर्ज वाचला, उलटा करून मागची बाजू वाचली, मागे काही नव्हतं, आणि म्हणाले, "रविवारी पाच ते सहा. लोकांना दाखव. लोकांनी रस दाखवला तर पुढे बघू. पंखे दोनच लावायचे." मी जिन्यात पत्रक लावलं. 'मोठ्यांचं खेळघर. या, बसा, बांधा.' संध्याकाळपर्यंत खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, चहा आहे का?

शनिवारी दुपारी किल्ला पूर्ण झाला. चार बुरूज, उचलता येणारा पूल, आत मुदपाकखाना, मुदपाकखान्यात तवा, तव्यावर मासा. तेविसावा दिवस. शेवटचं निशाण लावलं, टक्, आणि मी मागे सरकले. आईसुद्धा हात पुसत आली आणि म्हणाली, "दिसतोय हो." बाबा आले. प्रदक्षिणा घातली. वाकले. पूल वर-खाली करून बघितला. दोनदा केला, तुम्हाला सांगते, दोनदा. पहिली वेळ तपासणीची म्हणा, दुसरी कशाची होती? आणि मग त्यांची नजर टेबलाच्या कोपऱ्यावरच्या वाटीकडे गेली.

"हे काय?"

उरलेले आहेत बाबा.

"उरलेले म्हणजे?"

आता इथे मी शांतपणे समजावलं. अहो, जे अगदी बारीक तुकडे असतात, टिकल्या, पिना, दिवे, ते हरवतात, म्हणून कंपनी प्रत्येकातला एखादा जास्तीचा घालते. सगळ्या डब्यात घालते. जगभर घालते.

बाबा वाटीतले तुकडे बोटाने मोजत होते. "एकोणीस." मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, काळजी होती. "कंपनी फुकट देते?"

हो.

"उल्का, मंडईत चार रुपयाच्या कोथिंबिरीवर दोन मिरच्या मागितल्या तर बाई अंगावर येते. आणि ही कंपनी एवढ्या लांबून तुला एकोणीस नग फुकट देते." वाटी खाली ठेवली. "शिल्लक राहिला म्हणजे कुठेतरी बसवायचा राहिला."

मग त्यांनी मला स्प्रिंगची गोष्ट सांगितली. मला अठ्ठावीस वर्षांत न सांगितलेली. एकदा पाळी संपताना टेबलावर एक स्प्रिंग उरली. एवढीशी, नखाएवढी. सगळे म्हणाले, जास्तीची आली असेल, चला, बस चुकेल. बाबा म्हणाले, नाही. चारशे नग तयार होऊन पेटीत बसले होते, ते सगळे परत उघडायला लावले. "तीनशे सत्त्याऐंशीव्यात नव्हती," बाबा म्हणाले. मग? "मग बसवली." आणि तो तसाच गेला असता तर? बाबा गॅलरीकडे बघत म्हणाले, "गेला नाही."

मी म्हटलं, बाबा, पण हा खेळ आहे. याने कुणाचा जीव जात नाही.

"ते नंतर कळतं," बाबा म्हणाले.

हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण मी काय केलं? मी आनंदाने किल्ला खाली हॉलमध्ये नेला. प्लायवूडच्या फळीवर ठेवून, दोन जिने. खालच्या मजल्यावरचे सर्जेराव पुढून धरायला आले, मूळचे हडपसरचे, बसच्या वर्कशॉपात जन्म गेला. उलटे पायऱ्या उतरत म्हणतात, "ताई, इंजन उतरवताना बी एवढा घाम न्हाय फुटला. आत कोन बसलंय का?"

रविवारी सकाळी मी वाघोलीला गेले. तिथल्या एका कॉलेजात माझी मैत्रीण शिकवते, तिने बसायला वीस बुटकी स्टुलं द्यायचं कबूल केलं होतं. वाघोली. खडकीहून. तुम्ही पुण्याचेच आहात, मी काही बोलत नाही. नगर रस्त्यावर टेम्पो एवढा वेळ एका जागी उभा होता की ड्रायव्हरने उतरून दाढी करून घेतली. मी हॉलवर पोचले, पाचला दहा कमी.

दार उघडलं.

किल्ला नव्हता.

सतरंजीवर बाबा बसले होते. बसले होते. मांडी घालून. नाकावर चष्मा, बाजूला व्हर्निअर, आणि भोवती आमच्या घरातलं सगळं स्वयंपाकघर. परातीत राखाडी ठोकळे, कुकरच्या डब्यात लाल, घमेल्यात विटकरी, आणि इडलीपात्राच्या एकेका खळग्यात टिकल्या, पिना, दिवे, निशाणं, मासा. आई भिंतीला टेकून बसलेली. मला बघून म्हणाली, "आज इडल्या करणार होते."

बाबा... बाबा, हे काय केलंत?

"सहा हजार दोनशे तेहेतीस," बाबा मान वर न करता म्हणाले. "सापडेल. बस."

बस! तेवीस दिवस मी ज्या एका शब्दाची वाट बघत होते तो शब्द, आणि तो मलाच.

आणि पाच वाजले. आणि लोक आले. एरवी आमच्या सोसायटीच्या मीटिंगला कोरम होत नाही, पण फुकट काही बघायचं असेल तर वक्तशीरपणा विचारू नका. नऊ जण. दारात उभे. श्रीधरकाकांनी पत्रक बघितलं, जमिनीकडे बघितलं, परत पत्रक बघितलं. "हे बांधलेलं दाखवणार होतीस ना?" मी म्हटलं, लगेच जुळवून घेतलं, शिकलेय ना तसं, की बघा, हेच तर आहे, सगळे मिळून बांधू या, खेळू या. नऊच्या नऊ जण एक पाऊल मागे.

तेवढ्यात बाबा बोलले. "एकोणीस शिल्लक राहिलेत. कुठे राहिले ते सापडत नाही."

आणि तुम्हाला सांगते, हवा बदलली. खेळ म्हटल्यावर जी माणसं दाराकडे सरकली, ती चूक म्हटल्यावर आत आली. चूक, आणि ती दुसऱ्याने केलेली! श्रीधरकाकांनी चपला काढल्या. "एकोणीस? विषम आकडा. मला शंका येते." नसीम मॅडम, समोरच्या इमारतीतल्या, छत्तीस वर्षं गणित शिकवलं, त्या पदर खोचून बसल्याच. "बेटा, डब्यावर किती लिहिलेत? सहा हजार दोनशे चौदा. आणि भरले तेहेतीस. वजा केले तर एकोणीस. बरोबर." मी ओरडलेच, बघा, म्हणजे जास्तीचे आहेत, गणितानेच सिद्ध झालं! मॅडमनी माझ्याकडे नापास मुलीकडे बघतात तसं बघितलं. "उत्तर बरोबर आलं म्हणजे रीत बरोबर असते असं नाही. गुण रीतीला असतात." सर्जेराव पूल हातात घेऊन उलटा-सुलटा करत होते. "हितं भोक हाय. भोक हाय म्हंजी पिन हाय."

मी कंपनीला मेल पाठवला. तिथल्या तिथे, फोनवरून. दोन दिवसांत उत्तर आलं, इतकं गोड, की जादा तुकडे आम्ही मुद्दाम देतो, आपल्या वडिलांना शुभेच्छा, आनंदाने बांधत राहा. मी हॉलमध्ये वाचून दाखवलं, मराठी करून. श्रीधरकाका म्हणाले, "सही आहे का?" मेलला सही नसते काका. "शिक्का?" नाही. "मग हे ग्राह्य नाही." बाबा म्हणाले, "ज्याची चूक आहे तो आणखी काय लिहिणार?"

त्या रविवारपासूनच हॉल आम्हाला मिळाला. खेळघरासाठी नाही हां, गैरसमज नको. नोटीस लागली, 'तपासणीकामी हॉल दुपारी तीन ते सात राखून ठेवण्यात येत आहे.' आणि रोज तीनला, दारात चपला. बाबा पावणेतीनलाच. वाटणी झालेली. पाया सर्जेरावांकडे, भिंती मॅडमकडे, डब्यातली बांधणीची पुस्तिका श्रीधरकाकांकडे, त्यांनी वाचायचं आणि बाकीच्यांनी बसवायचं, टपालात चिठ्ठी वाचून दाखवायचे त्या सुरात, "डाव्या हातास, करड्या रंगाचा, दोन बाय चार." टक्. "त्यावरी, आडवा." टक्. बाबा शेवटची नजर टाकायचे, "पास." बघता-बघता माझ्या वीस स्टुलांपैकी अकरा भरली. नसीम मॅडम गुणगुणायला लागल्या. सर्जेरावांनी मुदपाकखान्यातल्या बाहुल्याचं नाव बजरंग ठेवलं आणि रोज त्याला वेगळ्या खिडकीत उभं करायला लागले. "आज बजरंगला ऊन लागतंय, आत घ्या." आई चहा घेऊन यायची ती जायचीच नाही, तिने तर पुलाची दोरी स्वतः ओवली. एकदा बाबा हसले. आवाज करून. लोकल गेली तेव्हा कुणी घड्याळ बघितलं नाही.

मी एकदा, एकदाच, न राहवून म्हटलं, बाबा, मजा येतेय ना खेळायला?

अकरा माना वर. बाबांनी चष्मा काढला. "कोण खेळतंय?" आणि सगळ्यांकडे बघितलं. "इथे कुणी खेळतंय का?" सगळे म्हणाले, छे.

आणि किल्ला? किल्ला पुरा झाला. बारा दिवसांत. वाटीत एकोणीस शिल्लक. उतरवला. परत बांधला, दहा दिवसांत. एकोणीस शिल्लक. उतरवला. तिसऱ्यांदा आठ दिवसांत. वाटी बघितली की बाबा नुसते मान हलवायचे आणि सर्जेराव वरचा बुरूज उचकटायला लागायचे. माझा किल्ला उभा कधी राहायचा? जास्तीत जास्त पाच मिनिटं. मला तो काचेच्या कपाटात ठेवायचा होता हो. लोकांनी येऊन बघावा, म्हणावं, आपणही असं काही करावं. दोन वर्षं मी त्याचं स्वप्न बघितलं होतं. आणि रोज संध्याकाळी इडलीपात्र.

म्हणून मी ते केलं. चौथ्या वेळी. किल्ला झाला, उतरवणं उद्यावर टाकून सगळे घरी गेले, आणि मी वाटी घेऊन बसले. एकोणीस तुकडे. एकेक जागा शोधून, दाराच्या या बाजूला नऊ, त्या बाजूला नऊ, जमेल तशी जोडी लावून, आणि शेवटचा एक बारका पिवळा दिवा मधल्या बुरुजाच्या टोकावर. टक्. वाटी रिकामी. धुऊन पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी तीनला सगळे आले. मी म्हटलं, बाबा, सापडल्या जागा, रात्री बसवले. बाबांनी वाटी उचलली. किल्ल्याकडे गेले. टॉर्च काढला. इतकी शांतता की पंख्याचा आवाज ऐकू येत होता, दोन्ही पंख्यांचा. "नऊ इकडे," बाबा म्हणाले. "नऊ तिकडे. एक वर." आणि वळले, आणि तो चेहरा मी कधी बघितला नव्हता, त्या स्प्रिंगच्या वेळी तसा असेल. "मी म्हणत होतो ना." श्रीधरकाकांनी उठून हात मिळवला. नसीम मॅडम म्हणाल्या, "सममिती. मला तेव्हाच वाटलं होतं." सर्जेरावांनी बजरंगला दारात उभं केलं. मला रडू येत होतं. जिंकले होते मी. किल्ला उभा, बाबा खूश, सगळे खूश.

मग सर्जेराव म्हणाले, "मग... आता?"

बाबांनी व्हर्निअर डबीत ठेवलं. श्रीधरकाका म्हणाले, "नोटीस काढतो मग. काम संपलं." एकेक जण उठला. चपलांचा आवाज. मी म्हटलं, अहो, बसा ना, माझ्याकडे दुसराही डबा आहे, छोटा आहे, जहाज आहे. नसीम मॅडम थांबल्या, माझ्या गालाला हात लावला. "बेटा, ते खेळ लहान मुलांना दे."

सोमवार. गॅलरी. आजचा पेपर. दुपारी कालचा. लोकल गेली. "दोन मिनिटं."

मंगळवार तेच. बुधवारी बाबा तीन वाजता उठले, चप्पल घातली, दारापर्यंत गेले, आठवलं, परत आले. खुर्चीचे पाय बरोबर त्याच चार खड्ड्यांत. आई कणीक मळत होती, वळली नाही. "परत शिल्लक," एवढंच म्हणाली.

गुरुवारी मी खाली गेले. हॉलमध्ये किल्ला उभा होता. इतका सुंदर, एकटा, धूळ बसायला लागलेली, बघायला कुणी नाही. माझा किल्ला. मी बराच वेळ बघितलं. खिडकी उघडली, मिटली. आणि मग मुदपाकखान्याच्या मागे हात घालून एक राखाडी टिकली उचकटली. टक्. काढतानाही तसाच आवाज येतो, कधी लक्ष दिलं नव्हतं.

वर आले. बाबांपुढे तळहात धरला. बाबा, हा हॉलच्या फरशीवर सापडला.

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. टिकली उजेडात धरली, या बाजूने, त्या बाजूने. आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत चपला पायात, व्हर्निअर खिशात, जिन्यात ओरडतायत, "सर्जेराव! मॅडमना बोलवा! एक राहिलाय!" आणि वळणावर थांबून मला, "शेवटी हात कुणी लावला होता? तू. दिवे लावायला पुढे, आणि खालचं बघायचं नाही. दोन वर्षं तिकडे नक्की शिकलीस काय?"

तर आज संध्याकाळी पाचव्यांदा उतरवतायत. मीच उतरवायला लावला, कळतंय मला, हसू नका. मी आईला सांगून टाकलं सगळं, मनावर ओझं झालं होतं. म्हटलं, आई, आता हे असंच चालणार, हा सापडला की मला दुसरा काढून ठेवावा लागणार.

आईने मिसळणाचा डबा पुढे ओढला, झाकण काढलं, आणि मोहरीच्या वाटीत बोट फिरवलं.

"घाई करू नकोस," म्हणाली. "माझ्याकडे अजून सहा आहेत."